वेबच्या निअरस्पेकचा डेटा मुंबईत बसून वापरायचा तर: अर्काइव्ह आणि पाइपलाइनचा रिव्ह्यू

जेम्स वेब दुर्बिणीवरच्या निअरस्पेक या अवरक्त स्पेक्ट्रोमीटरचा डेटा कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) संशोधकाला जसा मिळतो, तसाच तो बोरिवलीत घरच्या लॅपटॉपवर बसलेल्या एमएस्सीच्या विद्यार्थ्यालाही मिळतो. मास्ट नावाच्या अर्काइव्हवर (अवकाश दुर्बिणींच्या डेटाचा सार्वजनिक साठा) जायचं, हव्या त्या ओळीवर खूण करायची आणि फाइल उतरवायची. पैसे नाहीत, आणि जाहीर झालेल्या डेटासाठी खातंही लागत नाही. सोबत कॅलिब्रेशनची, म्हणजे कच्च्या आकड्यांतून उपकरणाचे दोष काढून स्पेक्ट्रम देणारी, 'जेडब्ल्यूएसटी' पाइपलाइन पायथनचं पॅकेज म्हणून खुली आहे. हा रिव्ह्यू दोन्हींचा मिळून.

आमचे गुण पाचपैकी चार. कच्चा माल अव्वल, रेफरन्स फाइलींची (या दुरुस्त्यांना लागणाऱ्या आकड्यांच्या फाइली) निगा अव्वल, दस्तऐवज भरपूर. एक तारा कापला तो अर्काइव्हवरच्या शेवटच्या, 'तयार' म्हणून मिळणाऱ्या स्पेक्ट्रमसाठी. तो वाईट नसतो, पण बेसावध माणसाला फसवण्याइतका देखणा असतो.

आधी उपकरणाची ओळख. निअरस्पेक युरोपीय अवकाश संस्थेसाठी एअरबसने जर्मनीत बांधलं. त्यातले डिटेक्टर आणि सूक्ष्म शटर्सची (उघडझाप करणाऱ्या बारीक झरोक्यांची) जाळी नासाच्या गोडार्ड केंद्राकडून आली. पल्ला ०.६ ते ५.३ मायक्रॉन. प्रिझम लावलं तर विभेदन (जवळच्या तरंगलांब्या वेगळ्या दाखवण्याची ताकद) १००च्या आसपास, मध्यम ग्रेटिंगला (प्रकाश पसरवणारी बारीक रेघांची पट्टी) १००० आणि उच्च ग्रेटिंगला २७००. डिटेक्टर दोन, प्रत्येकी २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलचे, साधारण ४३ केल्विनला थंड ठेवलेले. दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ला उडाली आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. म्हणजे हात लावून काही दुरुस्त करायची सोय नाही. जे काही सुधारायचं ते कॅलिब्रेशननेच.

जमिनीवरच्या अवरक्त कामाची सवय असलेल्यांना इथला फरक लगेच कळेल. टीआयएफआरने बांधलेला टीआयआरस्पेक लडाखमध्ये हॅनलेच्या दोन मीटर दुर्बिणीवर बसतो आणि १ ते २.५ मायक्रॉनमध्ये काम करतो. तिथे हवेतल्या पाण्याच्या वाफेशी झगडा असतो: १.४ आणि १.९ मायक्रॉनजवळचे पट्टे वातावरण गिळून टाकतं, आणि ते भरून काढायला जवळचा प्रमाण तारा (ज्याचा प्रकाश आधीच नीट माहीत आहे असा) घ्यावाच लागतो. वेबच्या डेटात ही सगळी कटकटच नाही. मात्र त्या जागी दुसऱ्या कटकटी आहेत, आणि त्या दिसत नाहीत म्हणून जास्त धोक्याच्या.

फाइलींच्या पायऱ्या नीट समजून घेतल्या की अर्धं काम झालं. अनकॅल (कच्ची वाचनं) म्हणजे न निवडलेले गहू, रेट (प्रत्येक पिक्सेलवर प्रकाश साठण्याचा वेग) म्हणजे दळून आणलेलं पीठ, कॅल (कॅलिब्रेट केलेलं चित्र) म्हणजे मळलेली कणीक आणि एक्सवनडी (शेवटचा स्पेक्ट्रम) म्हणजे ताटातली पोळी. मास्ट चारही देतं. बहुतेक लोक घाईघाईत फक्त एक्सवनडी उतरवतात, आणि नंतर काही खटकलं की मागे जायला त्यांच्याकडे काहीच नसतं. आमचा सल्ला: रेट, कॅल आणि एक्सवनडी एकदमच घ्या, सोबत असोसिएशनच्या जेसन फाइलीही (कोणत्या फाइली एकत्र वापरायच्या याच्या याद्या). अनकॅल फक्त गरज पडली तर.

कारण आकाराचं आहे. आयआरएस२ या वाचनपद्धतीत डिटेक्टर प्रत्येक १६ साध्या पिक्सेलनंतर ४ रेफरन्स पिक्सेल (प्रकाश न टिपणारे, गोंगाट मोजायला ठेवलेले) वाचतो, त्यामुळे कच्च्या फाइलीची एक बाजू २०४८ऐवजी ३२०० दिसते. ही फाइल बिघडलेली नाही. रेफपिक्स पायरी झाली की ती पुन्हा २०४८ला येते. ३२०० गुणिले २०४८, दोन बाइटचा एक आकडा, म्हणजे एका ग्रुपला (जपून ठेवलेल्या एका वाचनाला) १३ एमबी. वीस ग्रुपांचं एक्सपोजर २६० एमबीच्या पुढे. रेट फाइलमध्ये मात्र सिग्नल, त्रुटी, दर्जाचे झेंडे (खराब पिक्सेलच्या खुणा) आणि दोन प्रकारचे व्हेरियन्स असे पाच थर असतात आणि ग्रुप कितीही असोत, सगळं मिळून ८५ एमबीच्या आसपास बसतं. ब्राउझरमधून एकेक फाइल ओढत बसू नका. मास्टने बनवून दिलेली कर्लची स्क्रिप्ट किंवा पायथनमधलं ॲस्ट्रोक्वेरी वापरा. मध्येच नेट तुटलं तर उरलेलं तेवढंच उतरवता येतं.

आता पाइपलाइन. पहिली पायरी डिटेक्टर-वन. डिटेक्टर एकदाच वाचून मोकळा होत नाही. प्रकाश साठत असताना तो न पुसता पुन्हा पुन्हा वाचतात आणि त्या चढत्या रेषेचा उतार म्हणजे आपला सिग्नल. आयआरएस२ रॅपिडमध्ये एक फ्रेम १४.५९ सेकंदांची, साध्या आयआरएस२मध्ये पाच फ्रेमची सरासरी काढून एक ग्रुप, म्हणजे साधारण ७३ सेकंद. या पायरीत सॅच्युरेशन (पिक्सेल भरून जाणं), सुपरबायस, रेफरन्स पिक्सेल, लिनिअॅरिटी, डार्क, उडी (वैश्विक किरणाने आकडा एकदम चढणं) शोधणं आणि शेवटी उतार काढणं हे क्रमाने होतं. अर्काइव्हने केलेलं हे काम बहुतेक वेळा पुन्हा करावं लागत नाही. अपवाद दोन.

पहिला अपवाद स्नोबॉल. वैश्विक किरणाचा साधा फटका एक-दोन पिक्सेलमध्ये मिटतो, पण काही फटके मोठे, गोल, मधोमध सॅच्युरेट झालेले आणि भोवती मंद वलय असलेले. उडी शोधणारी पायरी मधला भाग पकडते, वलय सोडून देते. मग रेट फाइलमध्ये एक पांढुरकी टिकली राहते आणि ती नेमकी स्पेक्ट्रमवर पडली तर रुंद उत्सर्जन रेषेसारखी दिसते. जंप पायरीत 'एक्स्पांड लार्ज इव्हेंट्स' हा पर्याय चालू करून पायरी पुन्हा चालवली की वलयही झेंड्याखाली येतं. यासाठी मात्र अनकॅल हवी.

दुसरा अपवाद वन-ओव्हर-एफ गोंगाट. वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचा पाया हळूहळू डोलत असतो, त्याच्या उभ्या पट्ट्या चित्रात उमटतात. आयआरएस२ पद्धतीत त्या बऱ्याच कमी असतात, जुन्या साध्या पद्धतीत ठळक. जिथे प्रकाश पडत नाही त्या पिक्सेलवरून हा डोलारा मोजून वजा करणारी पायरी पाइपलाइनमध्ये आहे. मंद वस्तूसाठी ती चालू हवीच. रुंद, पसरलेल्या वस्तूने डिटेक्टर भरला असेल तर ती पायरी खरा प्रकाशही खाते, कारण 'अंधार' म्हणून धरलेल्या पिक्सेलमध्ये अंधार नसतोच. तुमच्या फाइलीत ती चालली आहे की नाही हे हेडरमध्ये पाहा: 'एस अंडरस्कोर'ने सुरू होणाऱ्या प्रत्येक कीवर्डसमोर कंप्लीट किंवा स्किप्ड लिहिलेलं असतं. हे पाहायला दहा सेकंद लागतात आणि अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

फ्लॅट फील्डचं (कुठल्या जागेला प्रकाश किती कमी-जास्त जाणवतो याचं) कॅलिब्रेशन या उपकरणाचं सर्वांत विचारपूर्वक केलेलं काम आहे, त्यामुळे इथे जरा थांबू. निअरस्पेकच्या पोटात कॅलिब्रेशनचे दिवे आहेत: अखंड प्रकाशाचे पाच फ्लॅट दिवे, ठरावीक तरंगलांब्यांवर शिखरं देणारे चार लाइन दिवे आणि एक रेफरन्स दिवा. दिवा लावायचा तर फिल्टरच्या चाकाची अपारदर्शक जागा पुढे आणतात. तिच्या मागच्या बाजूला आरसा आहे. तो दिव्याचा प्रकाश शटर्सकडे वळवतो आणि आकाश बंद करतो. म्हणजेच दिव्याचा प्रकाश दुर्बिणीच्या आरशांवरून आणि पुढच्या प्रकाशिकीवरून आलेलाच नसतो. त्या भागाचा हिशेब दिव्याने कधीच लागणार नाही. म्हणून फ्लॅट तीन तुकड्यांत: डिटेक्टरचा डी-फ्लॅट, शटरपासून डिटेक्टरपर्यंतच्या मार्गाचा एस-फ्लॅट आणि दुर्बिणीसकट पुढच्या भागाचा एफ-फ्लॅट. एस-फ्लॅट दिव्यांवरून येतो, एफ-फ्लॅट प्रमाण ताऱ्यांवरून. प्रमाण तारे सुधारले की एफ-फ्लॅट बदलतो आणि त्याबरोबर तुमच्या वस्तूचा फ्लक्सही (मोजलेला प्रकाश).

यातून निघणारी शिस्त महत्त्वाची. नवीन रेफरन्स फाइली आल्या की अर्काइव्ह जुना डेटा पुन्हा प्रोसेस करतं. तुम्ही जूनमध्ये उतरवलेली आणि तुमच्या गाइडने दिवाळीनंतर उतरवलेली फाइल नावाने तीच, आकड्यांनी वेगळी असू शकते. हेडरमधले पाइपलाइनची आवृत्ती आणि सीआरडीएसचा (रेफरन्स फाइलींच्या साठ्याचा) कॉन्टेक्स्ट, म्हणजे त्यातला कोणता संच वापरला ते, सांगणारे दोन कीवर्ड प्रबंधात लिहून ठेवा. परीक्षकाने विचारलं की तेच कामाला येतात.

तरंगलांबीचं कॅलिब्रेशन वेगळ्याच तऱ्हेने होतं, आणि आम्हाला ते फार आवडलं. ग्रेटिंगचं चाक फिरवून पुन्हा त्याच जागी आणलं तरी ते केसभर तिरकं बसतं, आणि तेवढ्यानेही स्पेक्ट्रम डिटेक्टरवर सरकतो. दर वेळी लाइन दिवा लावण्याऐवजी चाकावरचे चुंबकीय सेन्सर तो तिरकेपणा मोजतात, ते आकडे हेडरमध्ये जातात आणि उपकरणाचं गणिती मॉडेल त्यावरून प्रत्येक पिक्सेलची तरंगलांबी काढतं. असाइन-डब्ल्यूसीएस ही पायरी ती हीच. वापरणाऱ्याने काहीच करायचं नसतं.

दुसऱ्या टप्प्यात, स्पेक-टूमध्ये, मात्र वापरणाऱ्यालाच पुष्कळ करायचं असतं.

बहुवस्तू मोडपासून (एकाच वेळी अनेक वस्तूंचे स्पेक्ट्रम) सुरुवात करू. शटर्सच्या जाळीचे चार चतकोर, प्रत्येकात ३६५ गुणिले १७१ शटर्स, मिळून जवळपास अडीच लाख. एकाची मोकळी जागा ०.२० गुणिले ०.४६ आर्कसेकंद. काही शटर्स कायमची बंद पडली आहेत, थोडी कायमची उघडी. कायम उघड्या शटरमधून आकाशातला भलताच प्रकाश येऊन तुमच्या स्पेक्ट्रमवर पडतो. पाइपलाइन त्या जागांवर झेंडा लावते, पण त्या दुसऱ्याच वस्तूचा प्रकाश वजा करून देत नाही. दोन्ही नॉडमध्ये (वस्तू शेजारच्या शटरमध्ये सरकवून घेतलेली एक्सपोजरं) एकाच जागी रेषा दिसत असेल आणि ती शटरच्या मधोमध नसेल तर आधी हा संशय घ्या.

नवख्यांची हमखास अडचण: स्पेक-टू चालवलं आणि ते पहिल्याच मिनिटाला कोसळलं. कारण बहुधा एकच, शटर्सची माहिती देणारी मेटाडेटा फाइल, जिच्या नावाच्या शेवटी 'एमएसए' असतं, ती रेट फाइलीच्या फोल्डरमध्ये नाही. मास्टवर ती सहायक फाइलींच्या फिल्टरखाली दडलेली असते. दुसरी अडचण जास्त गुपचूप घडते. नुसती रेट फाइल दिली तर पाइपलाइन मुकाट्याने चालते, पण पार्श्वभूमी वजा होत नाही, कारण कोणता नॉड कोणातून वजा करायचा हे असोसिएशनच्या जेसनमध्ये लिहिलेलं असतं. नेहमी जेसनच द्या.

आणि जेसन दिल्यावरही डोळे उघडे ठेवा. तीन शटरांच्या स्लिटलेटमध्ये (एका वस्तूसाठी उघडलेली रांग) नॉड एका शटरचा, म्हणजे अर्ध्या आर्कसेकंदाच्या जरासा वरचा. आकाशगंगा त्याहून मोठी असेल तर एका नॉडमधली तिचीच कड दुसऱ्या नॉडच्या गाभ्यातून वजा होते. परिणामी फ्लक्स कमी येतो आणि रुंद रेषांच्या बाजू खचलेल्या दिसतात. एसटूडी (द्विमितीय स्पेक्ट्रमच्या) चित्रात मधल्या पट्टीच्या वर-खाली काळ्या पट्ट्या असणं ठीक. त्या काळ्या पट्ट्या मधल्या पट्टीला चिकटल्या असतील तर नॉड सोडून मास्टर बॅकग्राउंडकडे (रिकाम्या शटरांवरून काढलेली पार्श्वभूमी) वळा.

स्रोताचा प्रकार हा कळीचा मुद्दा आहे, आणि आमचा कापलेला तारा मुख्यतः याच्याच नावावर. पाइपलाइन मेटाडेटामधला स्टेलॅरिटीचा (वस्तू ताऱ्यासारखी बिंदू किती) आकडा पाहते, ०.७५च्या वर गेला की वस्तू बिंदू, त्याखाली विस्तृत. हा आकडा निरीक्षणाचा कॅटलॉग करणाऱ्याने भरलेला असतो. कॅटलॉगमध्ये छोट्या, मंद आकाशगंगेला ०.३ लिहिलं असेल तर ती विस्तृत धरली जाते, पाथलॉसची (शटरबाहेर सांडलेल्या प्रकाशाची) दुरुस्ती एकसारख्या पसरलेल्या प्रकाशाच्या हिशेबाने लागते आणि शटरमधल्या सरकण्याची तरंगलांबी-दुरुस्ती लागतच नाही. हे किरकोळ नाही. साडेसहा मीटरच्या आरशाला ५ मायक्रॉनला प्रतिमा साधारण ०.१६ आर्कसेकंद रुंद पडते आणि शटर ०.२०चं. निळ्या टोकाला प्रतिमा शटरमध्ये मावते, तांबड्या टोकाला बाजूंनी सांडते. दुरुस्ती चुकली की स्पेक्ट्रमचा उतारच बदलतो आणि त्यावरून काढलेलं धुळीचं प्रमाण किंवा ताऱ्यांचं वयही. उपाय सोपा: स्रोतप्रकार हाताने ठरवून स्पेक-टू दोन्ही प्रकारे चालवा आणि दोन उत्तरांमधलं अंतर हीच तुमची खरी अनिश्चितता धरा.

आयएफयू मोडमध्ये (आकाशाच्या एका तुकड्यातल्या प्रत्येक ठिकाणचा स्पेक्ट्रम) ३ गुणिले ३ आर्कसेकंदांचा चौकोन ३० कापांत चिरून पसरवलेला असतो. इथे तीन गोष्टी. बंद शटर्सही थोडा प्रकाश गळू देतात, तो आयएफयूच्या डेटावर पडतो. त्यासाठी लीककॅल नावाचं वेगळं एक्सपोजर असतं आणि ते असेल तर असोसिएशनमध्ये असलंच पाहिजे. दुसरं, ०.१ आर्कसेकंदाच्या एकाच चौकटीचा स्पेक्ट्रम काढला की त्यात लाटा दिसतात. त्या वस्तूच्या नाहीत. प्रतिमा पिक्सेलच्या मानाने बारीक असल्याने घन (आकाशाच्या दोन दिशा आणि तरंगलांबी अशी तीन बाजूंची फाइल) बनवताना त्या उमटतात. गोल छिद्र मोठं घेऊन बेरीज केली की बऱ्याच विरतात. तिसरं, प्रिझम किंवा मध्यम ग्रेटिंगला आयएफयूचा प्रकाश पहिल्याच डिटेक्टरवर मावतो. दुसऱ्याची फाइल दिली तर 'डिटेक्टरवर डेटा नाही' अशी एरर येते. घाबरू नका, ती फाइल यादीतून काढा.

उच्च ग्रेटिंगला दोन डिटेक्टरांमधली फट आडवी येते. जी३९५एच या उच्च ग्रेटिंगला स्लिट मोडमध्ये ३.७ ते ३.८ मायक्रॉनच्या आसपासचा भाग हरवतो. कुठलीही पाइपलाइन तो परत आणणार नाही. तुमची रेषा तिथे पडत असेल तर दुसरा डेटा शोधा.

विश्वास कसा ठेवायचा, याची चाचणी घरीच करता येते. कॅलिब्रेशनच्या निरीक्षणांना राखीव मुदत नसते (संशोधकांच्या डेटाला ती सहसा १२ महिने असते). पी३३०-ई किंवा जी१९१-बी२बी यांसारख्या प्रमाण ताऱ्याचा डेटा घ्या, आपल्या पद्धतीने सगळ्या पायऱ्या चालवा आणि निघालेल्या स्पेक्ट्रमला कॅलस्पेकच्या (प्रमाण ताऱ्यांच्या स्पेक्ट्रमचा संग्रह) मॉडेलने भागा. भागाकार सपाट आला तर पद्धत बरोबर. उतार दिसला तर पाथलॉस किंवा छिद्राच्या दुरुस्तीत गडबड, लाटा दिसल्या तर घनात, एखादीच सुई दिसली तर सुटलेला वैश्विक किरण. प्रोजेक्टच्या पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याला हेच काम द्यावं असं आमचं मत.

बसवण्याबद्दल. पाइपलाइन लिनक्स आणि मॅकवर चालते. विंडोजला अधिकृत आधार नाही, डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) घालून त्यात चालवा. सीआरडीएसचा पत्ता आणि कॅशचं फोल्डर ही दोन पर्यावरण-चलं आधी ठरवा, नाहीतर पहिलीच आज्ञा अडते. रेफरन्स फाइली लागतील तशा उतरतात, पण कॅश फुगत जाते. ती लॅपटॉपच्या मूळ डिस्कवर ठेवू नका. लॅमिंग्टन रोडवरून एक टीबीची बाहेरची एसएसडी आणली की प्रश्न मिटतो. साधी फिरती हार्ड डिस्क स्वस्त पडते, पण दहा-वीस एक्सपोजर एकत्र उघडणाऱ्या तिसऱ्या टप्प्यात ती रडवते. रॅम १६ जीबीत भागतं. ग्रहसंक्रमणाच्या लांबलचक मालिकांना ३२ हवी. जंप आणि उताराच्या पायऱ्यांना 'मॅक्सिमम कोअर्स' हाफ द्या. ऑल दिलं की रॅम आधी संपते.

ज्यांना एवढं करायचं नाही त्यांना बहुवस्तू मोडसाठी कोपनहेगनच्या डॉन जेडब्ल्यूएसटी अर्काइव्हवर वेगळ्या पद्धतीने प्रोसेस केलेले स्पेक्ट्रम तयार मिळतात. लाल विचलन पाहायला ते पुरेसे. नुसतं पाहण्यासाठी जेडाव्हिझमधलं स्पेकव्हिझ आणि क्यूबव्हिझ चांगलं, मात्र मोठ्या घनाला जुना लॅपटॉप धापा टाकतो.

हेल्प डेस्क बाल्टिमोरला आहे. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेसात. म्हणजे सकाळी पाठवलेला प्रश्न त्यांच्यासमोर येतो तेव्हा आपली लोकल पकडायची वेळ झालेली असते. दिवसभराचे प्रश्न साठवून एकत्र पाठवलेले बरे. प्रश्नासोबत पाइपलाइनची आवृत्ती, कॉन्टेक्स्टचा क्रमांक, फाइलीचं पूर्ण नाव आणि लॉगमधल्या शेवटच्या तीसेक ओळी जोडा. स्क्रीनशॉट नको, मजकूर द्या. नुसतं 'स्पेक-टू चालत नाही' एवढंच लिहिलं तर पहिलं उत्तर हीच माहिती मागणारं येतं, आणि एक दिवस तिथेच जातो.